तळव्याने ऐकणारा

दिल्लीत मुनिरक्यातल्या माझ्या खोलीत आम्ही तीन मित्र एका प्रयोगशील मेटल बँडचे जुने अल्बम आणि त्यांच्या रीमास्टर केलेल्या, म्हणजे आवाज नव्याने उजळलेल्या, आवृत्त्या पाठोपाठ लावून भांडायचो. एका मित्राच्या ओळखीचा एक माणूस तिथे एकदाच आला. चाळिशीचा, पूर्ण बहिरा. समोरच्याचे ओठ वाचून बोलायचा आणि स्पीकरवर तळवा टेकवून गाणं ऐकायचा.

माझ्या मते रीमास्टर ही कंपन्यांची लबाडी होती. तोच माल, नवा रंग. बहिष्काराचं पत्रक मी छापूनच आणलं होतं. त्याने ते न वाचताच सही केली.

"बिल्कुल बंद व्हायला हवं हे," तो म्हणाला. "शेवटच्या गाण्यात कुणीतरी चालतंय. जुन्यात लांब होतं, नव्यात दाराशी आलंय. यार, मी एकटा राहतो. दार वाजलं तर मला कळणार कसं?"

"कंपनीने भूतसुद्धा रीमास्टर केलं!" एक मित्र हसला.

मी हसलो नाही. पावलं गाण्यातच आहेत, आवाज फक्त वाढवलाय, हे त्याला पटावं म्हणून मी स्पीकर बंद केला. त्याने डोळे मिटून तळवा फरशीवर टेकवला.

"अच्छा, पटलं," तो म्हणाला. "पण माझ्या मागे कोण फेऱ्या मारतंय? त्याला बसायला सांग ना."

आम्ही तिघंही त्याच्यासमोर बसलो होतो.