खाकी पायाशी

रेखाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात जायला निघालो होतो. "काका, आई गेली..." एवढंच ती म्हणाली. नांदेडहून लातूरला पोहोचेपर्यंत मी एसटीच्या खिडकीतून नुसता बाहेर बघत होतो. दुःख करायलाही अंगात थोडी ताकद लागते, ती दोन महिन्यांच्या येरझाऱ्यांत संपली होती. आज पाच आठवडे झाले. वहिनींबद्दल आता थोडं लिहिता येईल असं वाटतं.

त्या लग्न होऊन चाकूरला आमच्या घरी आल्या तेव्हा मी सातवीत होतो. थोरला भाऊ, दादा, एसटीत कंडक्टर. त्याची ड्यूटी कधी पहाटेची, कधी मुक्कामी. त्यामुळे घरात बोलायला वहिनीच. त्या चौथीपर्यंत शिकल्या होत्या. मी पुस्तकात डोकं घालून बसलो की म्हणायच्या, "वाचा भावजी, वाचा. पुस्तकातून भाकरी निघाली तर मला एक द्या." मी पुढे ग्रंथपाल झालो, नांदेडला बिऱ्हाड केलं, पण त्यांच्या लेखी मी कोपऱ्यात वाचत बसलेला तो मुलगाच राहिलो. त्यांचा स्वतःचा हात गोधडीत. गल्लीत कुणाच्या घरी बाळ होणार असलं की जुनी लुगडी त्यांच्याकडे यायची.

दादा गेला त्या वर्षी त्यांनी काहीच शिवलं नाही. मग एक दिवस मला म्हणाल्या, "ह्यांच्या कापडाची एक शिवायचीय. माझ्यासाठी. या थंडीत अंगावर घ्यायची." मला फार बरं वाटलं. ग्रंथालयात रद्दीत निघालेल्या एका मासिकात गोधडीचा नमुना होता, तो कापून मी चाकूरला घेऊन गेलो. मध्ये लाल चौकोन, त्याभोवती पिवळ्याची चौकट, कडेला आकाशी. वहिनींनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"लाल कुठाय माझ्यापाशी? पिवळं न्हाई. ह्यांची खाकी हाय, पांढरी धोतरं हायत, अन् माझं एक हिरवं इरकल हाय."

"मग लालच्या जागी खाकी घ्या ना. गडद रंग मध्ये. चौकटीला हिरवं, कडेला पांढरं. नमुना तोच राहील."

पुढच्या खेपेला गेलो तर त्यांनी ओसरीवर सगळे तुकडे मांडून कच्च्या टाक्यांनी जोडत आणले होते. मधला चौकोन गायब. खाकीच्या दोन रांगा एका टोकाला, धोतराचे तुकडे दुसऱ्या टोकाला, आणि हिरवं मधल्या भागात एकाच बाजूने खाली उतरलेलं. मला ते लंगडं वाटलं. मी तसं म्हणालो.

"खाकी जड असती, भावजी. छातीवर घेतली तर दम लागतोय. पायाशी असली म्हंजे गोधडी सरकत न्हाई. तोंडाशी धोतर पायजे, मऊ. अन् हिरवं मी ज्या कुशीवर निजते तिकडं."

"पण नमुन्यात..."

"तुमच्या कागदावरच्या बाईला थंडी वाजत नसंल." मग खाकीवरून हात फिरवत हसल्या. "जल्मभर मागं सरका, पुढं सरका करत उभे राहिले. आता बसू द्या की पायाशी."

मी हसलो, पण मला ते पटलं नव्हतं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. रंग नीट दिसत नसतील, म्हणून मांडणी चुकली आणि आता त्या कारणं जुळवत आहेत, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

त्यानंतर पंधरा दिवसांत त्यांना छातीच्या त्रासासाठी लातूरला दवाखान्यात ठेवावं लागलं. रेखा, त्यांची मुलगी, तिथेच राहते. वहिनींनी मला अर्धवट गोधडीचं गाठोडं आणायला सांगितलं. उरलेलं रेखा शिवील. चाकूरच्या घरात मी एकटाच होतो. गाठोडं उघडलं, कात्री घेतली आणि त्यांचे कच्चे टाके कापले. सगळे तुकडे सुटे केले. आलेखाच्या कागदावर मूळ नमुना आखला, मध्ये खाकी, भोवती हिरवं, कडेला पांढरं, आणि रेखाला म्हणालो, "यात आहे तसंच लाव." वहिनींना विचारलं नाही. त्यांना छान धक्का देऊ, असं वाटलं होतं मला...

रेखाने शेजारच्या बाईंना हाताशी घेऊन गोधडी पुरी केली. वहिनी दवाखान्यातून तिच्या घरी आल्या त्या दिवशी आम्ही ती त्यांच्या अंगावर घातली. त्यांनी मधल्या चौकोनावरून हात फिरवला. बोटं तिथे जरा थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चांगली झाली की. सरळ झाली." त्या आवाजात राग नव्हता. तो मी शोधला, कितीतरी वेळा शोधला. त्यानंतर अठरा दिवस त्या होत्या.

तेराव्यानंतर रेखाने गोधडी माझ्यासमोर ठेवली. "तुम्ही न्या काका. माझ्याच्यानं बघवत नाही." मी ती नांदेडला आणली आणि ठरवलं, उसवायची. तुकडा अन् तुकडा सोडवून वहिनींनी मांडली होती तशी लावायची. त्याने कुणाला काय मिळणार होतं, ठाऊक नाही. पण दुसरं काही सुचत नव्हतं. मांडणी पूर्ण आठवेना, म्हणून रेखाला फोन केला. वहिनींनी कच्ची जोडलेली ती तिने कधी पाहिली होती का, ते विचारायला. मी काय केलं होतं, तेही सांगून टाकलं.

ती म्हणाली, "म्हणून आई ती दुमडून घ्यायची होय..."

"दुमडून?"

"मधोमध. सहा हाताची गोधडी, अर्धीच अंगावर. दुमड पायाकडे. म्हटलं, आई, उघडून घे की, पाय उघडे पडतात. तर म्हणाली, माझी उंची केवढी, पुरती मला. दुमडीला दोन टोकांना टाकेपण घातले होते तिनं, अंदाजानंच. मी नंतर धुताना काढले."

मी फोन ठेवला. गोधडी जमिनीवर पसरली आणि मधोमध दुमडली. खाकीचा चौकोन दुमडीवर आला, म्हणजे पायाशी. कडेचं धोतर छातीशी आलं. हिरवं मात्र दोन्ही बाजूंना होतं. तेवढ्याला त्यांचाही इलाज नव्हता.

"उसवू नका काका," रेखा फोन ठेवताना म्हणाली होती. "तिनं पांघरलीय ती."

उसवायला काढलेलं ब्लेड मी पुन्हा कागदात गुंडाळलं. सुईत दोरा ओवायलाच चार-पाच वेळा प्रयत्न करावा लागला. मग दुमडीच्या एका टोकाला एक टाका घातला, दुसऱ्या टोकाला एक. दोन्ही वाकडे आले.