वाघ दिसला त्या दिवशी

वाघ दिसला की पर्यटकाला आमची गरज उरत नाही. नाही दिसला की तो मागच्या सीटवरून पुढे वाकतो आणि म्हणतो, "बरं, एखादा किस्सा तरी सांगा." मी बारा वर्षं या जंगलात जिप्सी चालवतो आहे. माझ्याकडे जेवढे किस्से साठलेत, तेवढ्या वेळा वाघ दिसलेला नाही असं खुशाल समजा.

आमचं गेट पांढरकवड्यापासून जवळ. गेटासमोर चहाची टपरी, टपरीपुढे बाकडं, आणि बाकड्यावर आम्ही ड्रायव्हर आणि गाइड आपापल्या नंबरची वाट बघत बसलेले. कोणत्या गाडीवर कोणता गाइड हे नंबरावर ठरतं, आवडीवर नाही. तरी माझ्या गाडीवर दौलतभाऊचा नंबर लागला की मला बरं वाटायचं. म्हणून हे किस्से बहुतेक त्याचेच. शेवटचे दोन आम्ही पर्यटकांना सांगत नाही.

* * *

दौलतभाऊ कोलाम आदिवासी. शाळा सातवीपर्यंत. पण वानर ओरडलं की तो डोळे मिटून सांगायचा, बिबट आहे की वाघ, चालतोय की बसलाय. "वानर झाडावर ऱ्हायते, त्याले दुरून दिसते. आपण त्याच्या डोळ्यानं पाहाचं," एवढीच त्याची विद्या.

एकदा पुण्याच्या एक मॅडम गेटापासून बोलत होत्या. सून, सुनेचं माहेर, सोसायटीची लिफ्ट. मागून चितळं पळाली, तरी त्या लिफ्टमध्येच. तेवढ्यात सागाच्या झाडावरून वानर ओरडलं. मॅडमनी विचारलं, "काय म्हणतंय ते?"

दौलतभाऊनं नीट कान दिला. "ते म्हणून राह्यलं का वाघ तीन खेपा रस्त्यापर्यंत येऊन गेला. इथला आवाज बंद व्हायची वाट पाहून राह्यला."

पुढचे दोन तास गाडीत चिडीचूप. वाघ काही आला नाही. उतरताना मॅडमच्या मिस्टरांनी दौलतभाऊचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

* * *

नागपूरचे एक रिटायर साहेब. सलग तीन सफाऱ्या बुक केलेल्या, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर शिकारी टोपी. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन लागलं आणि साहेबांना गाढ झोप लागली. नेमका तेव्हाच वाघ झुडपातून निघाला आणि गाडीला जवळजवळ अंग घासत गेला.

मी शेजारी बसलेल्या त्यांच्या बाईंना खुणेनं म्हटलं, साहेबांना उठवा. बाईंनी मान हलवली. वाघ पार दिसेनासा होईपर्यंत त्या एकट्याच बघत राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "ते उठले की पहिलं वाक्य ओरडूनच बोलतात. चाळीस वर्षं ऐकतेय."

थोड्या वेळानं साहेब दचकून जागे झाले. "आला का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "झोपा तुम्ही."

* * *

बोंडअळीच्या सालचा किस्सा. जंगलाची हद्द संपते तिथून लगेच कपाशीची पऱ्हाटी सुरू होते. मुंबईच्या एका मुलीनं गाडी थांबवायला लावली. पांढरं शेत मागे घेऊन तिला फोटो हवा होता. "किती शांत वाटतं ना इथे," ती म्हणाली.

दौलतभाऊनं हात लांब करून एक न फुटलेलं बोंड तोडलं, नखानं उकललं आणि तिच्यापुढं धरलं. आत गुलाबी अळी वळवळत होती. पोरगी किंचाळून सीटवर चढली.

"वाघ पाह्यला तवा तर नाई वरडल्या तुमी," दौलतभाऊ म्हणाला. "बराबर हाय पण. वाघ एखाद्याच्याच वावरात येते. हे साऱ्याइच्या येते."

मुलीला ते भारी आवडलं, तिनं मोबाइलमध्ये लिहूनही घेतलं. दौलतभाऊनं मात्र ते बोंड बोटांत चिरडून टाकलं. त्याच्या तीन एकरांतली निम्मी बोंडं अशीच होती.

* * *

त्याच साली पऱ्हाटी वाढली तरी किती, माणसाच्या डोक्यावर गेली. आत बाई वाकली की धुऱ्याच्या बांधावरून दिसत नव्हती. जंगलाला लागून असलेल्या वावरांत वेचायला बाया तयार होईनात, कारण पलीकडच्या गावांत वाघानं माणसं मारली होती. शेवटी त्यांनीच तोड काढली. आठवड्यातून एक दिवस जंगल बंद असतं. त्या दिवशी दौलतभाऊनं वावरातल्या मचाणावर बसायचं आणि वानरांकडे कान ठेवायचा. तो असला तरच वेचणी.

वानराचं ओरडणं तेच. गाडीत ते ऐकलं की लोक कॅमेरे उचलायचे. वावरात ऐकलं की बाया कमरेच्या कापसाच्या ओट्या सोडून धुऱ्याकडे पळायच्या. दौलतभाऊ सहा दिवस एकांना आणि सातव्या दिवशी दुसऱ्यांना ते सांगायचा.

एकदा मी पाण्याची कॅन पोचवायला गेलो होतो. बायांची त्याला चिडवणी चालली होती. "भाऊजी, टुरिस्ट म्हणते वाघ दाखवा. आमी म्हणतो दाखवू नोका. तुमी आयकता तरी कोनाचं?"

पऱ्हाटीच्या आतून सुमनवैनीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, आवाज आला. "माह्यं सोडून साऱ्याइचं आयकते."

सगळ्या हसल्या, मचाणावर दौलतभाऊही हसला. वैनी दिसल्या नाहीत, नुसता आवाज आला. माझ्या कानात त्यांचं शेवटचं वाक्य म्हणून तेच राहिलंय.

* * *

आता तो दिवस. थोडक्यात सांगतो, मला जास्त सांगता येत नाही.

जंगल चालू होतं आणि दौलतभाऊचा नंबर माझ्या गाडीवर होता. आभाळ भरून आलेलं. पाऊस आला तर उरलासुरला कापूसही भिजून काळा पडेल, म्हणून दौलतभाऊ मचाणावर नसतानाही बाया त्या दिवशी वेचायला गेल्या. पाच जणी, वैनी त्यांतच. वैनीनं सकाळी निघताना त्याला सांगितलं होतं, त्यानं मला गाडीत बसताना सांगितलं.

गाडीत कोल्हापूरचं म्हातारं जोडपं होतं. चौथ्यांदा आलेले, वाघ एकदाही नाही. आणि हद्दीजवळच्या वळणावर वाघीण रस्त्यात बसलेली! काका कॅमेरा धरून अक्षरशः रडत होते. दहा मिनिटांनी ती उठली आणि हद्दीकडच्या नाल्यात उतरली.

दौलतभाऊ माझ्या कानाशी म्हणाला, "गाडी फिरव, मिलिंद. तिकडं बाया हाय."

काका मागून म्हणाले, "थोडं थांबू या ना, परत वर येईल का ती?"

रोज ती त्या नाल्यातच ऊन खात पडायची. हे मला माहीत होतं, दौलतभाऊलाही होतं. त्या दिवशी ऊन नव्हतं, ते माझ्या डोक्यात आलं नाही. मी म्हटलं, "दोन मिनिटं थांबू, भाऊ. इथंच बसली असंन ते." जंगलात गाडीतून उतरायचं नाही, हा नियम. स्टिअरिंग माझ्या हातात. तो दुसऱ्यांदा बोलला नाही. आम्ही अर्धा तास थांबलो. एकही वानर ओरडलं नाही.

गेटावर आलो तेव्हा बाकड्यावर चार बाया बसल्या होत्या. त्यातल्या एकीच्या पायात चप्पल नव्हती. ती एवढंच सांगत होती, "साडेआठची यष्टी गेली, आन् लगेच." दौलतभाऊ गाडीतून उतरला, त्यानं चौघींची तोंडं पाहिली आणि कोणालाही काही न विचारता वावराकडे पळत सुटला.

काका-काकू तोवर हॉटेलच्या जीपमधून निघून गेले होते. त्यांना कोणी काही सांगितलं नाही.

* * *

महिन्यानं दौलतभाऊ कामावर आला. नंबर लागला की माझ्याही गाडीत बसायचा. डावीकडे घे, हळू घे, थांब. कामापुरतं बोलायचा. त्या सकाळचा विषय त्यानं काढला नाही, माझ्यानं काढवला नाही. माफी मागायची म्हणून मी दोनदा त्याच्या घरापर्यंत गेलो आणि अंगणातूनच परत आलो. तो मला शिव्या देईल अशी भीती नव्हती. तो काहीच बोलणार नाही याची होती.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला टपरीवर कोल्हापूरहून एक पार्सल आलं. वर लिहिलेलं, "दौलत गाइड, मिलिंद ड्रायव्हर." चांगली जाड काचेची फ्रेम, आत वाघिणीचा फोटो. नाल्यात उतरताना तिनं मान मागे वळवलेली. कोपऱ्यात लाल आकड्यांत तारीख आणि वेळ. सोबत चिठ्ठी.

टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. मी फ्रेम परत पुठ्ठ्यात घालायला लागलो, तर दौलतभाऊनं माझा हात धरला.

"चिठ्ठी वाच."

"जाऊ दे न भाऊ."

"वाच."

मी वाचली. "दौलतजी, मिलिंदजी, आमच्या आयुष्यातला हा सर्वांत आनंदाचा दिवस. तुम्हाला परतायची घाई होती हे आमच्या लक्षात आलं होतं. तरी दोघा म्हाताऱ्यांसाठी तुम्ही थांबलात, हे आम्ही विसरणार नाही." मी चिठ्ठीची घडी घातली.

दौलतभाऊनं फ्रेम मांडीवर घेतली. वाघिणीकडे त्यानं पाहिलंच नाही. कोपऱ्यातल्या आकड्यांवर अंगठा ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"आठ वाजून दहा," तो म्हणाला.

"व्हय."

"यष्टी साडेआठची."

गेटावरून त्याच्या नंबराचा पुकारा झाला. त्यानं फ्रेम माझ्या हातात दिली, गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं आणि उठता उठता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"नसतो पोचलो आपण, मिलिंद," तो म्हणाला. "लय लांब हाय ते."

त्या वळणापासून ते वावर माझ्या गाडीनं आठ मिनिटांवर आहे. तो रस्ता मला दौलतभाऊनंच दाखवला होता.