चैत्रातली गोधडी

चैत्रात आमच्या ईट गावात माणसं पंख्याखालीही घामाघूम होतात आणि मी मात्र स्वेटर घालून गोधडीत. दिवाळीनंतर हे गेले. आमच्याकडे नवरा गेला की बाई वर्षभर उंबऱ्याबाहेर फारशी पडत नाही, त्यामुळे मी कोपऱ्यात पडून राहिले याचं कुणाला नवल वाटेना. उलट कौतुकच! दुपारी शेजारच्या बायका येऊन बसायच्या. "लई जीव होता हो त्यांच्यावर," असं एकमेकींना सांगायच्या. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, तरी त्याचंही कारण दुःखच ठरलं. मलाही ते पटलं होतं.

एक दिवस न्हाणीतून येताना भोवळ आली. धाकटी जाऊ धावत आली आणि वैतागून म्हणाली, "आक्का, दुःखानं माणूस सुकतं, असं सुजत न्हाय. उठा, दवाखान्यात जाऊ!" तिनं मला एसटीत घालून धाराशिवला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, रक्त तपासायला लावलं. थायरॉइडचं संप्रेरक फारच कमी निघालं. त्यांनी सोपं करून सांगितलं. हृदयाच्या पेशींच्या आत रिसेप्टर असतात. हे संप्रेरक रक्तातून येऊन त्यांना चिकटलं, की हृदयाला नीट धडधडायचा हुकूम मिळतो. बाकीच्या शरीरातही तसंच होतं, म्हणून अंगात ऊब राहते. संप्रेरकच कमी पडलं तर ठोके मंदावतात, भर उन्हाळ्यात थंडी वाजते.

मी मनातून भडकले. एवढं माझं दुःख, ते या डॉक्टरीण पोरीनं एका गोळीवर आणून ठेवलं!

तरी गोळी घेतली, रोज सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी. डॉक्टरीणबाई ती हळूहळू वाढवत गेल्या. भाद्रपदात एकदा भाकरी थापताना कपाळावरून घाम ओघळला. छातीवर हात ठेवला, तर ठोके चांगले हाताला लागत होते. बायकांनी माझ्या चेहऱ्याची उतरलेली सूज, काढून ठेवलेला स्वेटर पाहिला. "चला, सावरल्या आता," म्हणाल्या आणि त्यांचं येणं बंद झालं.

आणि तेव्हा कुठं मला रडू फुटलं. इतके महिने डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, कारण रडण्याइतकंही बळ अंगात नव्हतं. आता बळ आलं आणि हे नाहीत, हे पुरतं कळलं. फार एकटं वाटलं. दुपारभर दार सताड उघडं ठेवून मी रडत बसले. कुणीही आलं नाही.