मातीवाले मास्तर

गोळी घेऊन कुणाचा ताप उतरला की आमचे मातीवाले मास्तर हिरमुसायचे. शाळेत शिकवायचे भूगोल, पण सगळा जीव निसर्गोपचारात. पवनारला धाम नदीच्या काठावरून सायकलला बादली टांगून माती आणायची, चाळायची, भिजवायची आणि ओळखीच्यांच्या पोटावर थापायची, असा त्यांचा रविवार जाई. मीही त्याच शाळेत शिक्षक होतो आणि वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेला त्यांच्या शेजारीच माझं बिऱ्हाड होतं. माझं पोट त्यांना हक्काचं वाटे.

सत्तावन्न साली फ्ल्यूची साथ आली तेव्हा मी फणफणलो. बायको कपाळावर ओली पट्टी ठेवायला लागली, तर मास्तरांनी पाण्याची वाटीच उचलली. "वहिनी, आंगानं सोताहून चूल पेटवली, तुमी काऊन पानी ओतून राह्यल्या? आंग तापलं का जंतूची वाढ खुंटते. पेज द्या, पानी पाजा, पडू द्या त्याले." पोटावर गार माती चालते, मग कपाळावर पट्टी का नाही, असं मी कण्हत विचारलं. ते त्यांना ऐकू आलं नाही. पण मी बरा झालो हेही खरं. आळीतले बहुतेक जण तसेच तापून, घामाघूम होऊन उठले, आणि मास्तरांना भलताच हुरूप आला.

त्याच दिवसांत त्यांच्या आईने अंथरूण धरलं. एरवी साऱ्या आळीची खबरबात ठेवणारी ही माय आता जेवेना, काही विचारलं तर भलतंच बोले. मास्तर तिच्या कपाळाला उलटा हात लावत आणि बादली घेऊन बाहेर पडत. मला ते बघवेना. डॉक्टर आणू या, म्हणालो. "तिले ताप नाई ना जी," ते म्हणाले. "थकली आहे माय. आराम करू द्या."

शेवटी मीच वर्ध्याहून डॉक्टर आणले. छातीला नळी लावताच त्यांचा चेहरा पडला. न्यूमोनिया फार पुढे गेला होता. "मास्तर, म्हाताऱ्या शरीरात पुष्कळदा ताप चढवण्याचीही ताकद नसते," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी माय गेली.

मास्तर रडले नाहीत, याचा मला रागच आला होता. घाटावरून परतताना ते म्हणाले, "भाऊ, मी साऱ्याइचा ताप पाह्यला. मायचं तोंड नाई पाह्यलं."

मातीचा नाद त्यांनी सोडला नाही. तापावरचा विश्वासही गेला नाही, आणि तो जावा असं मलाही वाटलं नाही. साथ ओसरत असताना एका घरी मी त्यांच्याबरोबर गेलो. घरची सून तापलेलं पोर घेऊन पुढे आली. मास्तर तिच्या बाजूने आत गेले आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून निजलेल्या तिच्या सासूपाशी बसले.

"पोराचं पाहा ना जी," सून म्हणाली. "बुढीले काई नाई. तिले तापच नाई."

मास्तरांनी सायकलची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"पोर लढून राह्यलं," ते म्हणाले. "हिच्यासाठी डॉक्टर आना, भाऊ."