भिंतीवरची सून

माझी मुलगी फार्मसीची पदवी घेऊन घरी आली, तेव्हा निर्मळमधल्या आमच्या आळीतल्या प्रत्येक घराकडे तिच्यासाठी सल्ला तयार होता. केळीच्या भावापलीकडे ज्यांनी कधी कशात डोकं घातलं नाही, तेही कुंपणाशी थांबून सांगायचे, "हॉस्पिटलात नको पाठवू, मेडिकलचं दुकान टाकून दे." दुसरा लगेच उलट सांगायचा. औषधं बनवणाऱ्या कंपनीत जायचं तर लांब बोईसर गाठावं लागणार होतं आणि ते तिला नको होतं. म्हणजे रस्ते खरोखरच दोन उरले होते.

मी शाळेच्या कार्यालयात काम करते. फुकटच्या सल्ल्यापेक्षा स्वतः केलेल्या पाहणीवर माझा भरवसा असतो. कागदावर दोन रकाने आखले, एक हॉस्पिटलचा, एक मेडिकलचा, आणि शाळा सुटल्यावर दोन्हीकडे जाऊन बघायला लागले.

वसईतल्या ज्या हॉस्पिटलने मुलीला नोकरी देऊ केली होती, त्याचं औषधांचं दुकान तळघरात होतं, गाड्या उतरवायच्या उताराला लागून. वरच्या मजल्यावर संगमरवर, कारंजं आणि गणपती. खाली ट्यूबलाइट आणि पेट्रोलचा वास. काचेला भोक इतकं खाली पाडलेलं की नातेवाइकाला कमरेत वाकून बोलावं लागे. ज्याचा बाप वर ऑक्सिजनवर आहे, त्याला आणखी वाकवायची काय गरज होती, हे त्या काचेवाल्यालाच माहीत. खरेदी बघणारा माणूस औषधांना 'माल' म्हणायचा. वॉर्डातून येणाऱ्या चिठ्ठीत हातमोजे इतके लिहिलेले असायचे की रोग्याला दहा हात असावेत. शिवाय पाळीने रात्रपाळी. हे सगळं मी रकान्यात नीट उतरवलं.

मेडिकलवाल्यांचं शहाणपण वेगळ्या जातीचं. काउंटरमागचा पोरगा डॉक्टरपेक्षा झटपट निदान करतो. "ताप आहे? अंग दुखतं? हे घ्या, आणि गॅसची एक सोबत." गिऱ्हाईकही त्याच तोडीचं. "ती पिवळी लांबट गोळी द्या, मागच्या वेळी चांगली लागू पडली होती." मग पोरगा कात्रीने पाकिटाचा तुकडा कापतो आणि मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहते. मागे आइस्क्रीमचा फ्रीज, पुढे वेफर्सच्या माळा. या सगळ्यात फार्मासिस्ट कोण, असं विचारलं की भिंतीकडे बोट. तिथे फ्रेममध्ये सर्टिफिकेट टांगलेलं. कायद्याप्रमाणे दुकानात नोंदणी झालेला फार्मासिस्ट हवा, म्हणून कुणाचं तरी सर्टिफिकेट भाड्याने आणून लटकवायचं. माणूस कुठे तरी जळगाव-लातुरात, दुसराच काही धंदा करत असतो.

एवढं बघूनही माझा कौल मेडिकलला होता. घराजवळ, दिवसाउजेडी काम, पुढेमागे स्वतःचं दुकान. मुलीला हॉस्पिटल हवं होतं.

"तळघरात जाऊन बसणार?" मी विचारलं.

"बसायला कोण देतंय? उभी राहीन. पण औषध कुणासाठी चाललंय ते कळेल तरी."

"आणि रात्रपाळी?"

"रात्री लोक आजारी पडत नाहीत का, आई?"

आमचं हे चाललेलं असतानाच माझी नणंद फुलपाड्याहून स्थळ घेऊन आली. मुलाच्या घरचं मेडिकल, त्यांना मुलगी फार्मसीचीच हवी. "वहिनी, नोकरी आणि लग्न, दोन्ही रकाने एकाच घरात भरले बघ," ती म्हणाली. मलाही ते सोयीचं वाटलं. स्वतःच्या घरचं दुकान म्हणजे मुलीला हवं तसं चालवता येईल, असा माझा हिशेब.

रविवारी मंडळी आली. मुलगा, आई, वडील. पोहे खाऊन झाल्यावर वडिलांनी रुमालाने बोटं पुसली आणि म्हणाले, "जरा सर्टिफिकेट बघू?"

मुलगी समोर बसली होती. तिच्याकडे त्यांनी अजून नीट पाहिलंही नव्हतं. मी कागद आणून दिला. त्यांनी तो उजेडात धरला, उलटा करून पाठ पाहिली, बायकोच्या हातात दिला.

"दुसरीकडे कुठे नाव लावलेलं नाही ना?" त्यांनी आवाज उतरवून विचारलं. आधीचं लग्न मोडलंय का, हे ज्या आवाजात विचारतात तोच आवाज.

"नाही," मी म्हटलं. "तुमचा मुलगा काय शिकलाय?"

"बी. कॉम. पण औषधं अशी पाठ आहेत की डॉक्टर लाजेल."

डॉक्टर लाजेल अशा त्या मुलाने माझ्या मुलीला सबंध सकाळीत एकच प्रश्न विचारला. "सर्टिफिकेटचं रिन्युअल कधी आहे?"

"आधीचे सर्टिफिकेटवाले आता फार मागायला लागले," मुलाची आई कौतुकाने सांगू लागली. "म्हटलं, घरचंच असलं म्हणजे कटकट नाही. फ्रेम चांगली करणार आम्ही. देवाच्या बाजूलाच लावू. रोज अगरबत्ती."

"आणि मी कुठे बसायचं?" मुलीने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांच्या घरात कधी निघालेलाच नव्हता.

"तुला कशाला तो त्रास?" वडील म्हणाले. "कसली कसली गिऱ्हाइकं येतात, काय काय मागतात. घरची सून तिथे शोभते का? आपलं घर वरच आहे. तपासणीचे साहेब आले की फोन करू. खाली यायचं, सही करायची, वर जायचं."

"मग काका, मी हॉस्पिटलात नोकरी करते. संध्याकाळी घरी."

"कर की. आम्ही काय जुन्या विचारांचे नाही. सर्टिफिकेट दुकानात राहिलं म्हणजे झालं."

"तसं नाही होत. एका सर्टिफिकेटवर एकच जागा. मी जिथे, ते तिथे."

वडिलांनी माझ्या नणंदेकडे असं बघितलं की जणू तिने त्यांना मुदत संपलेला माल विकला. "ताई, मग आम्हाला उपयोग काय?"

हे ते मुलीच्या समोर बोलले. चहा न घेता उठले, पण सर्टिफिकेट मुलाच्या आईच्या मांडीवरच होतं. ते मला मागून घ्यावं लागलं.

नणंद दारातच तडतडली. "एवढं चांगलं घर! पोरीला आयुष्यात काही करावं लागलं नसतं."

"आत्या, काहीच करायचं नव्हतं तर चार वर्षं शिकले कशाला?"

"तोंड बघा तोंड!"

तरी मी सगळ्या दुकानांना या एका माणसाच्या मापाने मोजणार नव्हते. मुलीला म्हटलं, सासर सोड, नोकरी म्हणून तरी विचार. माझं मन राखायला तिने ऐकलं. नायगावला नव्या टॉवरांखाली ओळीने मेडिकल झाली आहेत, तिथे चौकशी करून आली. संध्याकाळी चप्पल काढता काढता म्हणाली, "सगळीकडे तेच. कागद ठेवून जा, तू आली नाहीस तरी चालेल. एकाने तर सांगितलं, न आलीस तर बरंच."

असेल एखादा दुकानदार, ज्याला भिंतीवरच्या कागदाबरोबर माणूसही हवा असेल. आम्हाला भेटला नाही. मी मेडिकलच्या रकान्यावर काट मारली. हॉस्पिटलच्या रकान्यातलं एकही वाक्य खोडावंसं वाटलं नाही, ते सगळं खरंच होतं. ती तिथे रुजू झाली.

पहिल्या दिवशी ती निघत असताना फुलपाड्याच्या त्या गृहस्थांचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"वहिनी, लग्नाचं राहू द्या. योग नसतो एकेकाचा. सर्टिफिकेटचं भाडं बोलू या का?"

"काका, मी कामावर निघालेय," मुलगीच म्हणाली. "ते हॉस्पिटलात जमा केलंय."

पलीकडे जरा विचार झाला.

"मग झेरॉक्स?"

मी फोन बंद केला. ती स्कूटर काढेपर्यंत हसत होती.

संध्याकाळी आली ती दुखरे पाय ओढत. दुपारी एक माणूस काचेच्या त्या भोकात तोंड घालून तिच्यावर ओरडला होता. एवढा उशीर का, औषधं देता की चेष्टा करता, फार्मासिस्ट कोण आहे इथे? "मी म्हटलं, मी आहे, बोला," तिने सांगितलं आणि भाताचं भांडं स्वतःकडे ओढून घेतलं.