तोरुनला हवा असलेला मठ्ठ

तोरुनला माउसचा बाण सापडेनासा झाला, तो याच हिवाळ्यात. नॉर्वेतल्या बेर्गन शहरातल्या आमच्या छोट्या रेडिओ केंद्रात ती मुलाखती कापते. लोकांचं खाकरणं, अडखळणं, मोठे श्वास काढून टाकते. काम कानाचं. पण ते सुरू करायला बाण चित्रावर न्यावा लागतो, आणि तिच्या नजरेच्या मधोमध आता राखाडी डाग आहे. डॉक्टर म्हणाले, पसरत जाईल.

"बोटं शाबूत आहेत," ती मला म्हणाली. "माउस गेला खड्ड्यात."

म्हणून लाँचर निवडायचा होता. दोन बटणं दाबली की स्क्रीनवर पट्टी येते. नावाचं पहिलं अक्षर लिहून एंटर मारलं की प्रोग्राम उघडतो. आमचे संगणक सांभाळणाऱ्या सिगब्यर्नने सगळ्यांत हुशार लाँचर आणला.

"हा तुझ्या सवयी शिकतो, तोरुन. नवऱ्यापेक्षा लवकर."

"तो अजून कॉफी शिकतोय. लाव."

सुरुवातीला 'म' लिहिला की मोंटेज उघडायचा, तिचा संपादनाचा प्रोग्राम. मग डोळ्यांच्या दवाखान्याशी तिच्या मेलवर मेल सुरू झाल्या. मेलही 'म'चीच; लाँचरने तेही शिकून घेतलं.

शुक्रवारी तिने 'म' लिहिला, एंटर मारलं आणि सवयीने डिलीट दाबत श्वास पुसायला लागली. हेडफोनमध्ये काहीच नव्हतं.

"सिगब्यर्न, आवाज गेलाय बघ."

तो वाकला. समोर मेल उघडी होती. वरच्या सगळ्या मेल पुसल्या गेल्या होत्या.

"परत काढता येतात गं."

"तू होतास म्हणून! उद्या कोण बघणार?" जेवणाची वेळ टळली तरी तिच्या डब्यातला पाव तसाच होता. "मला शिकणारा नको. मठ्ठ दे. अंधारात कपाट जागच्या जागी लागतं रे. स्वतःहून हलणारं कपाट घेऊन मी काय करू?"

त्याला एक जुना लाँचर मिळाला. तो काही शिकत नाही, अंदाज करत नाही. तुम्ही ठरवलेला शब्द पूर्ण जुळला तर उघडतो, नाहीतर गप्प.

तोरुनने मोंटेजसाठी शब्द ठरवला आणि मला स्क्रीन बंद करायला लावली.

लिहिलं. काही नाही. पुन्हा लिहिलं. काही नाही. तिने बोटं मांडीवर पुसली. मग एकेक अक्षर चाचपत लिहिलं.

हेडफोनमध्ये मुलाखतीतल्या कुणीतरी खोल श्वास घेतला. मलाही ऐकू आला.

मी स्क्रीन चालू करायला हात पुढे केला.

"राहू दे," तिने प्रोग्राम बंद केला. "पुन्हा पहिल्यापासून."