जिल्हा फुटायच्या आत

आताशा कुणी 'जिल्हा फुटणार' म्हटलं की सत्यशीलाला जांभई येते. नोकरीला लागली तेव्हापासून ती हेच ऐकत आलीय. निवडणूक आली की फुटणार, निवडणूक सरली की राहिलं. अरे, फुटायचं तर फूट एकदाचा, नाहीतर गप पड! पण जिल्हा कुणाचं ऐकतोय.

गाव तिचं काष्टी, जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. नेमणूक मिळाली ती थेट उत्तरेच्या टोकाला, अकोले तालुक्यात, डोंगरातल्या एका उपकेंद्रात. आरोग्यसेविका. लोक सिस्टर म्हणतात. "दोन-तीन वर्षं काढ, मग होईल बदली," असं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं. सांगणाऱ्याच्या बापाचं काय जातं! लसींचा डबा खांद्याला लावून वाड्या-वस्त्या तुडवता तुडवता तिचे केस पिकले. जिला लहानपणी टोचलं, तिच्याच बाळाला टोचायची वेळ आली. बदली काही आली नाही. पाहायला येणारी मंडळीही बसल्या बसल्या पहिलं हेच विचारायची, "बदली कधी होईल?" पोरगी कशी आहे, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. लग्न राहिलं ते राहिलंच. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं, एसटीवरच्या पाट्या बदलल्या. सिस्टर होती तिथंच.

गावी आई एकटी, बनुबाई. वडील गेल्यापासून घरात ती आणि एक शेळी. सत्यशीला महिन्याकाठी एकदा जायची. दिवसभर एसट्या बदलत संध्याकाळी पोचायचं, आईच्या हातची भाकरी खायची, सकाळी पुन्हा पिशवी उचलायची. बनुबाई दर खेपेला तेच म्हणायची, "आलीस काय न् गेलीस काय."

या वर्षी मात्र चिन्हं बरी होती. ज्येष्ठता यादीत सत्यशीला पार वर आली होती आणि काष्टीजवळच्या उपकेंद्रातली सिस्टर निवृत्त होणार होती. मे महिन्यात बदल्या निघाल्या की ती जागा हिचीच, असं सगळे म्हणत होते. तेवढ्यात एका सकाळी तिच्यासोबतचा आरोग्यसेवक कल्याण चहा ओतता ओतता म्हणाला, "सिस्टर, या खेपेला खरंच फुटतोय बरं का. दक्षिणेत आंदोलन पेटलंय. आमचा जिल्हा आम्हाला वेगळा द्या म्हणतात."

"फुटू दे. मला काय त्याचं?"

"आता घ्या! तुम्हालाच तर आहे. फुटला की जो जिथं, तो तिथला. काष्टी मग परजिल्हा. तिकडं जायचं तर दोन्हीकडच्या परवानग्या आणा, आणि एवढ्या वर्षांची ज्येष्ठता सोडून नव्या पोरींच्या मागं शेवटच्या नंबरला उभं राहा."

कल्याणचं घर उपकेंद्राच्या मागच्याच गल्लीत. त्याला जिल्हा फुटला काय, जुळला काय. सत्यशीलाचा चहा मात्र हातातच गार झाला. जन्मभर रांगेत उभं राहायचं आणि आपला नंबर आला की खिडकी बंद! तिला रडू आलं नाही. रडायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

त्या शनिवारी ती गावी निघाली. नगर सोडून बस काष्टीच्या जवळ आली आणि थांबली. पुढं ट्रक, टेम्पो, उसाच्या ट्रॉल्या, सगळं जागच्या जागी. कंडक्टर म्हणाला, "रस्ता रोको हाय. गाव जवळच हाय, चालत जा."

पिशवी घेऊन ती उतरत्या उन्हातून चालत निघाली. चौकात रस्त्यावरच बाया बसल्या होत्या. गावचे पुढारी काकासाहेब माइक धरून ओरडत होते, "जिल्हा वेगळा..."

"झालाच पाहिजे!"

त्यातला एक आवाज ओळखीचा वाटला म्हणून तिने मान वळवली. पहिल्याच ओळीत बनुबाई. डोक्यावर पदर, पदरावर आंदोलनाची पांढरी टोपी, मूठ वर. शेळीला हाकलतानाही ती कधी एवढ्या जोरात ओरडली नसेल.

"आई! तू काय करतीस इथं?"

"आलीस व्हय?" बनुबाईचा चेहरा उजळला. "तुज्यासाठीच बसलीय. काकासाहेब म्हनले, जिल्हा आपला झाला की आपली मान्सं आपल्याकडं येत्यात. सोमवारपासनं रोज येतीय. गुडघं लई दुखत्यात, पन म्हनलं दुखू दे, पोरगी घरी येती ना."

सत्यशीलाला काकासाहेबांचा राग आला, त्या माइकचा राग आला. सगळ्यात जास्त स्वतःचा आला. एवढ्या वर्षांत बदलीचं गणित तिने आईला कधी धड सांगितलंच नव्हतं. ती आईपुढं उकिडवी बसली आणि सगळं सांगितलं. जिल्हा फुटला तर ती तिकडंच अडकणार, हेही सांगितलं.

बनुबाई ऐकत राहिली. मग तिने डोक्यावरची टोपी काढली, तिची घडी घातली आणि मांडीवर ठेवली. मागं बसलेल्या बायांवरून एकदा नजर फिरवली.

"सगळ्यांची मान्सं घरी येनार, अन् माजीच तेवढी तिकडं राहनार व्हय गं?"

सत्यशीलाने तिच्या काखेत हात घातला. "चल, घरी जाऊ."

बनुबाई अर्धवट उठली, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. ती पुन्हा खाली टेकली आणि तिने लेकीचा हात धरून तिलाही खाली ओढलं.

"ऱ्हाऊ दे. घरी नेऊन सकाळी जाशीलच की. जिल्हा फुटंस्तवर तरी बस माज्याजवळ."

सत्यशीला बसली. डांबर अजून तापलेलं होतं. काकासाहेबांनी पुन्हा आरोळी ठोकली, बायांनी पुन्हा मुठी वर केल्या. त्या दोघी तेवढ्या गप्प बसून होत्या.